फ्यूज टिकला पाहिजे

आमच्या गावात लग्न ठरलं तर भावकी जमते, कुणी गेलं तर आळी जमते, पण डीपी जळाली तर अख्खा गाव जमतो. गेल्या दोन निवडणुकांत एकमेकांची पोरं पाडलेली माणसंही त्या दिवशी खांद्याला खांदा लावून वर बघत उभी राहतात. वर बघण्यासारखं खरं तर काही नसतं. दोन खांब, मध्ये राखाडी टाकी, तिच्या अंगावरून ओघळलेलं काळं तेल आणि कवटीच्या चित्राखाली '११,००० व्होल्ट, धोका' अशी पाटी. तरी बराच वेळ बघितल्यावर कुणीतरी जाणता माणूस निदान करतो, "आतनं गेली." बाहेरून जायची सोय नसतेच, पण हे ऐकल्यावर लोकांना बरं वाटतं. मग चहा सांगितला जातो.

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं, की डीपी म्हणजे वीज खाली उतरवणारा ट्रान्सफॉर्मर. त्याचा व्यवहार मला फार पूर्वीपासून आवडत आलेला आहे. ११,००० व्होल्टनं वीज आत येते आणि ४३३ व्होल्टनं बाहेर पडते. डीपी १०० केव्हीएची असेल तर पूर्ण भाराला वरच्या एका तारेतून आत येतात सव्वापाच अँपिअर आणि खालच्या तारेतून बाहेर पडतात १३३. पंचवीस पट! तालुक्यातल्या एका पतसंस्थेने याहून कितीतरी कमी कबूल केलं होतं, आणि तेवढ्यावर आमच्या आबांनी दोन म्हशींचे पैसे तिथे ठेवले. त्या पैशांचं पुढे काय झालं हे घरात विचारायची पद्धत नाही. डीपी मात्र पंचवीस पट देते म्हणजे देतेच. व्होल्टेज तेवढ्याच पटीने कापून घेते, पण ते आधी सांगून.

या टाकीच्या खालच्या अंगाला, जिथून ते १३३ अँपिअर निघतात तिथे, सांभाळायच्या गोष्टी दोनच. तिन्ही फेजना एकेक फ्यूज, आणि चौथी तार जी न्यूट्रल, तिला अर्थिंग. पॉलिटेक्निकच्या पुस्तकात दोन्ही मिळून दीड पानात उरकतात. आमच्या गावाच्या दोन पिढ्या त्यावर खर्ची पडल्या आणि तिसरी आता हाताशी आलेली आहे.

आधी फ्यूज. मोडला की त्याने काम केलं असं ज्याच्याबद्दल म्हणता येतं, अशी वस्तू जगात फारशी नाही. प्रवाह हद्दीबाहेर गेला की आपण वितळायचं आणि पुढच्याला वाचवायचं, एवढ्यासाठी त्याचा जन्म. गावाला हा विचार मुळातच पटलेला नाही. गावाच्या लेखी फ्यूज ही वस्तू आहे, आणि वस्तू टिकली पाहिजे. बैल टिकावा, पत्रा टिकावा, जावई टिकावा, मग फ्यूजनेच का म्हणून मरावं? वरचेवर जळतो तो फ्यूज हलका, आणि हलका माल गावाच्या गळ्यात मारला जातोय, याबद्दल ग्रामसभेत एकमत आहे. इतर कुठल्याही विषयावर नाही.

डीपीखाली पत्र्याची पेटी असते. पेटीला कधीकाळी दार होतं. आत फ्यूजची तार धरणारी पांढऱ्या चिनी मातीची किटकॅट ओळीने बसवलेली. म्हणजे ओळीने बसवली होती, आता एक ओळीत आहे, एक तिरकं आहे आणि एकाच्या जागी नुसतीच तार आहे. पेटीत पालींचा वावर असतो. कधीमधी एखादी दोन फेजच्या मध्ये येते आणि अर्ध्या गावाचा अंधार करून जाते. त्या अर्ध्या गावाला फ्यूजचा राग येतो, पालीचा नाही.

तार किती जाडीची घालायची याचं गणित विल्यम प्रीस नावाच्या इंजिनिअरने १८८०च्या दशकात मांडून ठेवलेलं आहे. हा गृहस्थ ब्रिटिश पोस्टखात्यात होता. तारायंत्रं तेव्हा पोस्टाकडे असल्यामुळे पोस्टातला माणूस दिवसभर तारा वितळवत बसला तरी कुणी त्याला "टपाल कोण वाटणार?" असं विचारलं नाही. प्रीस म्हणतो, तार वितळवायला लागणारा प्रवाह तिच्या जाडीच्या दीडाव्या घाताने वाढतो. तांब्याची १ मिलिमीटरची तार ८० अँपिअरला वितळेल, २ मिलिमीटरची २२६ला. जाडी दुप्पट, सहनशक्ती जवळजवळ तिप्पट. आमच्या गावात प्रीस कुणी वाचलेला नाही. पण हा दीडावा घात सगळ्यांच्या हातात उपजत उतरलेला आहे, असं त्यांची तार निवडण्याची पद्धत बघून वाटतं.

पद्धत अशी. पहिल्या खेपेला वायरमन स्वतः येतो आणि कथील चढवलेली तांब्याची, मापाची तार घालतो. ती जाते. दुसऱ्या खेपेला तोच येतो, गावाच्या तोंडाकडे बघतो आणि तीच तार दुहेरी घालतो. तीही जाते. तिसऱ्या खेपेला वायरमन तालुक्याला मीटिंगला गेलेला असतो, म्हणून झिरो वायरमनला बोलावतात. हे पद वीज कंपनीच्या कुठल्याही कागदावर नाही. झिरो वायरमन हजेरीपटावर नाही, पगारपत्रकात नाही, विम्यात नाही; तो फक्त खांबावर आहे. त्याच्याकडे एक पक्कड, एक टेस्टर आणि लाइनच्या कामातून उरलेल्या तारेचं वेटोळं असतं. तो त्या वेटोळ्याचा एक पदर सोडवतो, दातांनी सरळ करतो आणि किटकॅटच्या दोन स्क्रूंमध्ये आवळून टाकतो. "आता जातच न्हाई," म्हणतो. त्याचं हे भाकीत तंतोतंत खरं ठरतं.

या वेटोळ्याबद्दल थोडं विषयांतर करतो. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियमच्या तारांना जनावरांची नावं आहेत. बारीक ती स्क्विरल. मग वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा आणि दांडगी ती मूस. आभाळाला टेकलेल्या मनोऱ्यांवरून झेब्रा आणि मूस जातात. ती शाही जनावरं आमच्या शिवारावरून नुसती जातात, उतरत नाहीत. आमच्या वाट्याला वीझल. खांबावरचा माणूस खालच्या कनिष्ठ अभियंत्याला ओरडून सांगतो, "साहेब, वीझल तुटलाय, रॅबिट लावू का?" आणि साहेब हिशेब करून म्हणतो, "रॅबिट नको, कुत्रा असेल तर बघ." हे ऐकणाऱ्या एखाद्या पशुवैद्याला काय वाटत असेल, ते तोच जाणे.

तर त्या वीझलचा एक पदर २.५९ मिलिमीटर जाडीचा. प्रीसबाबाच्या ॲल्युमिनियमच्या हिशेबाने तो वितळायला साधारण २४५ अँपिअर लागतील. डीपीची ताकद १३३ची. म्हणजे डीपी आपल्या ऐपतीच्या पावणेदोन पट ओझं घेऊन कण्हत असते, तेव्हाही फ्यूजला घाम फुटलेला नसतो.

आता कुणी म्हणेल, १३३ अँपिअर पुरत का नाहीत? कागदावर पुरतात. पाच एचपीची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते. म्हणजे सतरा मोटारी सुखाने चालाव्यात. पण मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल एचपीवर येतं. त्यामुळे आमच्या विहिरींत मोटारी पाचच्या असतात आणि त्यांच्या अंगावरची पाटी तीनची असते. रिवाइंडिंगच्या दुकानात मोटार गेली की येताना थोडी जास्त तांब्याची होऊन येते. पाच वर्षांत ती साडेसातला पोचते. पाटी तीनची. वय वाढेल तशी ताकद वाढावी आणि कागदावर मात्र कायम पोरच राहावं, हे भाग्य मी अजून आमच्या तालुक्यातल्या काही पुढाऱ्यांच्याच वाट्याला आलेलं पाहिलं आहे.

यात भर पडली ऑटोची. शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीच्या पाळीला बाराला वीज येणार म्हणून थंडीत, अंधारात, साप-विंचवातून विहिरीवर जाऊन बटण कोण दाबणार? गैरसोय खरी आहे, आणि ती ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांना एकदा जानेवारीत उसाच्या फडात उभं करावं अशी माझी फार इच्छा आहे. गावाने त्यावर उपाय काढला तो ऑटो. वीज आली की स्टार्टर आपोआप ओढला जातो आणि मालकाला घोंगडीतून पाय काढावा लागत नाही.

फक्त मोटार सुरू होताना पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या सहापटीच्या आसपास प्रवाह ओढते. एरवी चालतं, कारण एक माणूस आत्ता बटण दाबतो, दुसरा तंबाखू मळून झाल्यावर. ऑटो तंबाखू खात नाही. बाराच्या ठोक्याला वीज येते, दहा मोटारींचे दहा ऑटो एकाच निमिषात जागे होतात, प्रत्येक मोटार पंचेचाळीस अँपिअर मागते, आणि ४५० अँपिअरची आरोळी ऐकून मापाची तार घातलेला कुठलाही सभ्य फ्यूज मान टाकतो. त्याच्या जागी मी असतो तरी टाकली असती. सगळे मालक मात्र आपल्या उसाला पाणी चाललंय अशा समाधानात घोरत असतात.

सकाळी पारावर चौकशी भरते.

"रात्री लाईट आलती का रं?"

"आलती की. बल्ब लागला आन् गेला."

"फ्यूज गेला आसंल."

"परवाच तर टाकला हुता."

"मंग हलका आसंल."

ऑटोचा उल्लेख कुणी करत नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या स्टार्टरला तो असतो, आणि आपला एकट्याचा असून काही बिघडत नाही अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते. एकदा एका मास्तरांनी सुचवलं होतं, की प्रत्येकाने आपला ऑटो दोन-दोन मिनिटांच्या फरकाने लावावा. सूचना उत्तम होती. पहिलं कुणी, एवढ्यावर बैठक मोडली.

डीपीच्या वरच्या अंगाला, ११,०००च्या बाजूलाही फ्यूज असतात. त्यांना डिओ म्हणतात. आतली तार वितळली की त्याची नळी आपोआप सुटून खाली लोंबते. लांबून दिसावं, की इथे काहीतरी झालंय. खाली लोंबलेली नळी गावाला अब्रूची गोष्ट वाटते. शेजारच्या गावचे लोक रस्त्याने जाताना बघतात. म्हणून तिच्यातही यथावकाश दणकट तार जाते. आता खालचा फ्यूज जाणार नाही, वरचा जाणार नाही, आणि उपकेंद्रातला ब्रेकर काही कोस लांब. अनेक गावांच्या भारात एका डीपीचं कण्हणं त्याला ऐकू येत नाही. साखळीत जळण्याजोगी एकच चीज उरते, आणि ती गावाला निराश करत नाही. टाकीतल्या वेटोळ्यांवर कागदाचं वेष्टण असतं, तेलात बुडालेलं. एप्रिलच्या उन्हाने टाकी बाहेरून भाजते, साडेसातच्या मोटारी आतून भाजतात, कागद करपत जातो, आणि एका दुपारी दोन शेजारी वेढे कागदाचा पडदा टाकून एकमेकांना उघड भेटतात. मग सगळे वर बघायला जमतात. चार आण्यांची तार वाचवायला लाखाचा फ्यूज उडालेला असतो. तारेला विचाराल तर ती अजून जशीच्या तशी असते, आणि ते खास दाखवलंही जातं. "फ्यूज बगा, कसा ठणठणीत हाय! डीपीच हलकी दिली."

नवी डीपी कशी येते याची कथा सांगत नाही. तिच्यात थकबाकीची यादी आहे, आमदारांचा फोन आहे, वर्गणी आहे, ट्रॅक्टरच्या डिझेलवरून भांडण आहे आणि शेवटी नारळ आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावचा माणूस ती डोळे मिटून सांगेल.

फ्यूजवर गावाचा निदान राग तरी आहे. अर्थिंगकडे कुणी रागानेही बघत नाही, कारण अर्थिंग काही करताना दिसत नाही. वर्षानुवर्षं जमिनीत गप्प पडून राहायचं आणि एखाद्या संकटाच्या क्षणी कामाला यायचं, हे त्याचं स्वरूप; आणि संकट आलं की ते जागेवर नसतं, हा आमचा अनुभव.

डीपीच्या खालच्या बाजूची एक तार मुद्दाम जमिनीला बांधायची, हे पूर्वी सगळ्यांना पटलेलं नव्हतं. अमेरिकेत यावर बरीच वर्षं कडाक्याचं भांडण झालं. एक पक्ष म्हणे, बांधा. वरचं हजारो व्होल्टचं वेटोळं फुटून खालच्यात शिरलं, तर ते तुमच्या स्वयंपाकघरात न येता जमिनीत जाईल. एलिह्यू थॉमसनसारखा नामांकित संशोधक या बाजूचा होता. दुसरा पक्ष म्हणे, मुळीच बांधू नका. दोन्ही तारा अधांतरी राहू द्या, म्हणजे एकीला हात लागला तरी विजेला परत जायला वाट नाही आणि माणूस सहीसलामत. पंचाईत अशी, की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. असं झालं की भांडण लांबतं, हे आम्हाला बांधाच्या वादांवरून माहीत आहे. अखेर १९१३ साली तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेने बांधणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. अधांतरी तारेचा भरवसा पहिला बिघाड होईपर्यंतच. एक तार कुठे ओल्या भिंतीला टेकली, की दुसरी हात लावणाऱ्याची वाट बघत बसते, आणि हे कुणाला कळतही नाही.

आपल्याकडे १९५६च्या विद्युत नियमांनी न्यूट्रलला जमिनीशी जोडायला सांगितलं, तेही दोन वेगवेगळ्या, स्वतंत्र जोडण्यांनी. दोन कशासाठी, याची शास्त्रीय कारणं आहेत. पण मला वाटतं, नियम लिहिणाऱ्या बाबूला एक चोरीला जाणार याची कल्पना असावी. त्याचा अंदाज थोडा चुकला. आमच्या गावाने दोन्ही नेल्या. गॅल्वनाइज्ड पट्टी ही मोठी गुणी वस्तू आहे, गंजत नाही, वाकवावी तशी वाकते. आमची एक पट्टी कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लागली आहे आणि दुसरी एका ट्रॉलीच्या फाळक्याला. त्या ट्रॉलीइतकं उत्तम अर्थिंग तालुक्यात दुसऱ्या कुठल्या वाहनाचं नसेल.

खड्डाही शास्त्रोक्त असतो. अडीच मीटरचा पाइप उभा गाडायचा, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायचे, वर पाणी ओतायला नरसाळं ठेवायचं. मीठ ओल धरतं म्हणून घालायचं, आणि तेच मीठ पाइप खातं म्हणून काही वर्षांनी पाइप बदलायचा. सरकारी कामात यातला पहिला अर्धा भाग होतो. आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली सह्याद्रीचाच काळा कातळ. पावसाळ्यात काळी चिंब असते तोवर अर्थिंग झकास. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाइप आणि माती यांच्यातलं बोलणं बंद होतं. तेव्हा खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतावं असं शास्त्र सांगतं. मे महिन्यात, टँकरच्या रांगेत भांडून आणलेली बादली, कवटीच्या पाटीखालच्या खड्ड्यात! हे एका नव्या, तरुण वायरमनने सुचवलं तेव्हा बायकांनी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, तिचं वर्णन करायला मी असमर्थ आहे. त्याने बदली मागून घेतली.

न्यूट्रल तुटतं त्या दिवशी मात्र गावाला अर्थशास्त्राचा एक विलक्षण धडा मिळतो. एरवी प्रत्येक घर एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये बसून आपापले २३० व्होल्ट खात असतं. डीपीपाशी न्यूट्रल सुटलं, की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एकामागे एक अशी ४०० व्होल्टमध्ये ओवली जातात, आणि व्होल्टेजची वाटणी होते ती उलटी. समजा एका घरात हजार वॅटची कॉइलची शेगडी पेटलेली आहे आणि दुसऱ्यात जुना, पिवळा, शंभराचा एकच बल्ब आहे. साधा त्रैराशिकाचा हिशेब केला तर शेगडीवाल्याच्या वाट्याला येतात ३६ व्होल्ट, आणि बल्बवाल्याच्या वाट्याला ३६४. उधळ्या माणसाची फक्त शेगडी थंड होते. काटकसरी माणसाचा बल्ब आधी सूर्यासारखा तळपतो आणि मग फुटतो. त्याच्या मागोमाग टीव्ही, चार्जर, आणि हप्त्यावर घेतलेला फ्रीज. आमच्याकडे असं झालं तेव्हा ज्यांचं सगळं जळालं ती सगळी माणसं बिल वेळेवर भरणारी होती. आकडे टाकून शेगड्या चालवणाऱ्यांच्या घरी काही झालं नाही. त्या दिवसापासून गावातल्या दोन सज्जनांचा देवावरचा विश्वास उडाला, तो अजून परत बसलेला नाही.

म्हणून तर न्यूट्रलला फ्यूज घालायचा नसतो. त्याच जुन्या नियमांत तशी स्पष्ट मनाई आहे. पण "तिघींना घातला, चौथीनं काय घोडं मारलं?" या न्यायबुद्धीने आमच्याकडे तोही घातला गेला. आणि गंमत बघा, तो मापाचा होता. सगळ्या पेटीत मापाची तार तेवढी एकच.

न्यूट्रल नाही म्हणून अंधारात बसायला लोक काही शहरातले नाहीत. बोअरच्या लोखंडी केसिंगला तार बांधली की जमीनच न्यूट्रल होते, बल्ब लागतो आणि मालिका बुडत नाही. केसिंगच्या आजूबाजूची जमीन तेवढ्यापुरती जिवंत होते. आमच्या चुलत्यांच्या गोठ्यात हे पहिल्यांदा कुणाला कळलं असेल तर म्हशीला. हौदाशी नेली की ती चार पावलं मागे सरायची. चुलत्यांनी मांत्रिक आणला. मांत्रिक अनवाणी होता, त्यामुळे निदान लगेच झालं. माणसाचे दोन पाय जवळजवळ असतात. म्हशीचे पुढचे आणि मागचे यांत चांगलं दीड मीटर अंतर पडतं, आणि ओल्या जमिनीत तेवढ्या अंतरात पुष्कळ व्होल्ट मावतात. अर्थिंग तपासायचं यंत्र कार्यालयातल्या कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली रजेवर असते. म्हैस रोज हजर असते. तिचा अहवाल कुणी फाइलला लावत नाही, एवढंच.

इथे विनोद थोडा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगून कुणाला पटत नाही. लोक म्हणतात, "खांबाला करंट असता तर फ्यूज गेला नसता का?" नसता गेला. खांबाच्या अर्थिंगचा रोध १० ओहम धरला, तर फुटलेल्या चिमणीवरून, म्हणजे इन्सुलेटरवरून, खांबात उतरलेली फेज जमिनीत २३ अँपिअर सोडत राहील. फ्यूज १३३ला सुद्धा हलणार नाही असा. २३ त्याच्या गावीही नसतात. खांब रात्रभर तसाच जिवंत उभा राहतो. आणि माणसाच्या जिवावर बेतायला ३० मिलिअँपिअरचा धक्का पुरतो. डीपीच्या १३३मध्ये असे चार हजारांवर धक्के बसतात. फ्यूज तारेसाठी आहे, डीपीसाठी आहे. माणसाची मोजदाद त्याच्या पट्टीवर होतच नाही. पावसाळ्यात खांबाला गुरं बांधू नका, कपड्याची तार खांबाला बांधू नका, असं पत्रक दरवर्षी येतं. ते ग्रामपंचायतीसमोरच्या त्याच खांबाला तारेने बांधतात.

हे सगळं अडाणी खेड्यात चालतं असं समजून पुणेकरांनी हसू नये. आमच्या आत्याची पुण्यातली सोसायटी मोठी आहे, आवारात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, पेटीला दार आहे आणि दाराला कुलूप आहे. आत चिनी मातीच्या बंद नळीचे एचआरसी फ्यूज आहेत, त्यांत वीझल घालता येत नाही. अर्थिंगचे खड्डेही आराखड्याप्रमाणे होते. आवारात पेव्हर ब्लॉक घालायचे ठरले तेव्हा सभासदांना ते खड्डे दिसायला बरे वाटेनात. त्यावर दोन वार्षिक सभा झाल्या. एका सभेत "जमिनीला करंट देण्यापेक्षा तो लिफ्टला वापरावा" असा ठरावही मांडला गेला आणि त्याला अनुमोदक मिळाला. आता एका खड्ड्यावर तुळशीवृंदावन आहे. रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी पडतं. महाराष्ट्रातलं सर्वांत नियमित देखभाल होणारं अर्थिंग माझ्या मते ते असावं, आणि ते कुणाला माहीत नाही हेच बरं आहे. कळलं तर बंद होईल.

आत्याच्या घरात ३० मिलिअँपिअरला पडणारा ब्रेकरही बसवला होता, माणसासाठीचा. गीझर चालू केला की पडायचा. गीझरची कॉइल फुटलेली होती, हे तो जिवाच्या आकांताने सांगत होता. यजमानांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि सांगितलं, "हा सारखा पडतो, जरा चांगल्या प्रतीचा बसवा." त्याने तो काढून साधा बसवला. तो पडत नाही. आत्या आंघोळीला रबरी सपाता घालून जाते.

आता आमच्या गावात सुधारणा झालेली आहे. किटकॅट गेली. डीपीखालच्या नव्या पेटीत मोठा ब्रेकर आला, काळ्या दांड्याचा, मोहोरबंद, आत तार घालायला जागाच नाही. भार वाढला की खट्‌कन दांडा खाली. पहिल्या रात्री बाराला ऑटोंची आरोळी आली आणि दांडा पडला. दुसऱ्या रात्री पडला. तिसऱ्या दिवशी झिरो वायरमनला पाचारण झालं. त्याने पेटी सगळीकडून चाचपली, मोहोर हुंगली, बांधणीच्या तारेचा हातभर तुकडा घेतला आणि दांडा वर करून पेटीच्या कडीला आवळून बांधून टाकला. "आता कसा पडतोय बगू."

त्या रात्री बाराला वीज आली, पेटीत 'खट्' झालं आणि अंधार झाला. बॅटरी घेऊन जाऊन बघतात तर दांडा जागच्या जागी, वर. हे ब्रेकर बनवणाऱ्यांनी आमच्यासारखी गावं आधी पाहिलेली असावीत. दांडा बाहेरून कितीही धरून ठेवा, आतला सापळा त्याला न जुमानता सुटतो, अशी त्यांची रचनाच असते. गाव बराच वेळ त्या दांड्याकडे बघत राहिला. आजवर फ्यूजने दगा दिला होता, पण तोंडावर खोटं कधी बोलला नव्हता.

शेवटी आबांनी बॅटरी झिरो वायरमनच्या तोंडावर मारली. "दांडा वर हाय न्हवं?"

"हाय."

"मंग करंट कुटं हाय?"

"आबा, त्यो आतल्या आत पडलाय."

"आतल्या आत," आबा म्हणाले, "म्हंजे त्यो बी वर बसून खालनं सोडणाऱ्यातलाच निगाला. काय सोसायटीचा चेअरमन हाय का त्यो? जा, बाहिरनं सरळ एक वीझल टाक. चांगला जाड बघून टाक."